फंक्शनल ॲनालिसिस : कोणते पुस्तक घ्यावे?

बी.एस्सी.ला गणित घेतलेल्या विद्यार्थ्याला फंक्शनल ॲनालिसिस हा विषय वर्गात भेटत नाही. तो भेटतो सहसा एम.एस्सी.त. तरीही आमच्या महाविद्यालयात शेवटच्या वर्षातील दोन-तीन विद्यार्थी दरवर्षी या विषयाची चौकशी करतात. कोणी गेट परीक्षेच्या अभ्यासक्रमात ते नाव वाचलेले असते, कोणाला विद्यापीठात गेलेल्या वरच्या वर्गातील मित्राने सांगितलेले असते, तर एखाद्याला पदार्थविज्ञानाच्या तासाला 'हिल्बर्ट स्पेस' हे शब्द ऐकून कुतूहल वाटलेले असते. प्रश्न मात्र एकच असतो : "सर, कोणते पुस्तक घेऊ?"

विचारणाऱ्यांत मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू अशा सर्व घरांतील मुले असतात. प्रत्येकाला तोंडी उत्तर देताना काहीतरी राहून जाते. म्हणून ते एकदा सविस्तर लिहून काढीत आहे. कन्नड विभागाच्या वाचकांनीही हा लेख शेजारच्या मराठी मित्राकडून समजून घ्यावा; नाही तरी बाकावर ते शेजारीच बसतात.

अभ्यासक्रमात नसलेल्या विषयाचे एक सुख असते व एक दुःख असते. सुख हे, की त्याच्या 'महत्त्वाच्या प्रश्नांची' यादी कोणी देत नाही. दुःख हे, की नेमलेले पुस्तक नसल्यामुळे विद्यार्थी जे नाव प्रथम कानावर येईल ते घेऊन बसतो आणि ते नाव बहुधा सर्वांत मोठ्या ग्रंथाचे असते. रुडिनचा 'फंक्शनल ॲनालिसिस' (१९७३) हा असाच एक उत्तम ग्रंथ आहे. त्याची सुरुवातच टोपॉलॉजिकल व्हेक्टर स्पेसेसपासून होते. ज्याने अजून नॉर्म म्हणजे काय ते नीट पाहिलेले नाही, त्याला नॉर्म नसलेल्या अवकाशांच्या विस्तारात सोडून देणे म्हणजे पोहता न येणाऱ्याला हुसेनसागरात उतरवणे होय. एका हुशार विद्यार्थिनीने त्या ग्रंथाची पहिली वीस पाने तीनदा वाचली आणि शेवटी "हा विषय माझा नव्हे" असा निर्णय केला. विषय तिचाच होता. पुस्तक तिच्यासाठी लिहिलेले नव्हते. चुकीच्या पहिल्या पुस्तकापायी चांगले विद्यार्थी गमवावे लागतात, आणि या लेखाची खरी निकड हीच आहे.

आधी विषय काय आहे ते दोन शब्दांत पाहू. येथे एक अडचण आपल्या शहरापुरती आहे. हैदराबादेत 'फंक्शन' म्हणजे लग्नकार्य, आणि ते जेथे होते तो 'फंक्शन हॉल'. आबिदला रविवारी दुकाने बंद असताना पदपथावर जुन्या पुस्तकांचा बाजार भरतो. तेथे मी एकदा 'फंक्शनल ॲनालिसिस' मागितले, तेव्हा विक्रेत्याने व्यवस्थापनशास्त्राचा ढीग उपसायला घेतला. त्याचे फारसे चुकले असेही नाही, कारण नाव फसवेच आहे. गणितात फलन (फंक्शन) घेऊन त्याच्यापासून संख्या काढणारी जी क्रिया, तिला फंक्शनल म्हणतात. शून्य ते एक या अंतरावरील एक संतत फलन घ्या व त्याचे संकलन करा. हाती एक संख्या येते. येथे संकलन हे झाले फंक्शनल. मग एकेक फलन हा एकेक बिंदू मानायचा, अशा सर्व बिंदूंचा मिळून अवकाश मानायचा, त्यात अंतर मोजायचे आणि भूमिती करायची. आपण दुसऱ्या वर्षी शिकलेले लिनिअर ॲल्जिब्रा आणि रिअल ॲनालिसिस येथे एकत्र नांदू लागतात. फरक एवढाच, की अवकाशाची मिती आता अनंत असते.

हा 'एवढाच' फरक हेच सगळ्या विषयाचे मर्म आहे. म्हणून पुस्तक निवडताना माझी एक कसोटी आहे : सांत मितीत जे बिनबोभाट चालते ते अनंत मितीत कोठे व का मोडते, हे पुस्तक पहिल्या काही प्रकरणांतच हाताला लागेल अशा उदाहरणांनी दाखवते का? पुढील चार उदाहरणे मी त्यासाठी जवळ बाळगतो. ती पाठ करण्यासाठी नाहीत. कागद घेऊन करून पाहण्यासाठी आहेत.

पहिले उदाहरण. ज्यांच्या पदांच्या वर्गांची बेरीज सांत असते, अशा संख्यांच्या अनंत क्रमिकांचा अवकाश घ्या. याला 'एल-टू' म्हणतात. त्यात (१, ०, ०, ...), (०, १, ०, ...), (०, ०, १, ...) असे बिंदू पाहा. प्रत्येकाचे आरंभबिंदूपासून अंतर १ आहे, म्हणजे ते सारे एकक गोळ्यातच आहेत. आता यांपैकी कोणतेही दोन घ्या. त्यांच्यातील अंतर २ चे वर्गमूळ, नेहमीच. म्हणजे या क्रमिकेतून कोणतीही उपक्रमिका निवडली तरी तिचे बिंदू एकमेकांजवळ येणारच नाहीत, मग ती अभिसारी कशी होणार? बोल्झानो-वायरस्ट्रासचे प्रमेय, ज्याच्या आधारावर आपण रिअल ॲनालिसिसची अर्धी इमारत उभी केली, ते येथे कोसळते. गोळा संवृत आहे, सीमित आहे, पण कॉम्पॅक्ट नाही. पुढे कळते की हा अपघात नव्हे. नॉर्म असलेल्या अवकाशात संवृत एकक गोळा कॉम्पॅक्ट असेल तर मिती सांतच असली पाहिजे, असे रीसच्या लेमावरून सिद्ध होते.

दुसरे. शून्य ते एक या अंतरावरील बहुपदी घ्या आणि बहुपदीच्या निरपेक्ष मूल्याची कमाल किंमत हा तिचा नॉर्म माना. क्ष चा न-वा घात घेतला तर नॉर्म १. त्याचे विकलन केले की न गुणिले क्ष चा (न वजा १)-वा घात मिळतो, त्याचा नॉर्म न. म्हणजे नॉर्म १ असलेल्या पदावलीचे विकलन करून हवा तेवढा मोठा नॉर्म मिळवता येतो. विकलन ही रेषीय क्रिया आहे, पण सीमित नाही, म्हणून संततही नाही. सांत मितीतील प्रत्येक मॅट्रिक्स संतत असते, ही गोष्ट आपण इतकी गृहीत धरलेली असते की ती कधी सिद्धच केलेली नसते! आणि विकलनासारखी रोजची क्रियाच असंतत निघाल्यावर विद्यार्थी पहिल्यांदा खुर्चीत सावरून बसतो.

तिसरे त्याच बहुपदींच्या अवकाशातले. १ अधिक क्ष अधिक क्ष-वर्ग भागिले २ अशी घातांकी श्रेणीची आंशिक बेरीज करीत जा. या बेरजा एकमेकींच्या जवळ जवळ येत जातात, पण त्या ज्याच्याकडे जातात ते घातांकी फलन बहुपदी नाही. तेव्हा हा अवकाश पूर्ण नाही, त्याला भोके आहेत. ती भोके बुजवून मिळणाऱ्या पूर्ण अवकाशांना बानाखचे नाव मिळाले आहे.

चौथे अगदी लहान. 'एल-टू'मधील प्रत्येक क्रमिका एक घर उजवीकडे सरकवा आणि रिकाम्या झालेल्या पहिल्या जागी शून्य ठेवा. लांबी बदलत नाही, दोन वेगळ्या क्रमिका एक होत नाहीत, पण ज्या क्रमिकेचे पहिले पद शून्य नाही ती कधीच मिळत नाही. सांत मितीत एकास-एक असलेली चौरस मॅट्रिक्स आच्छादकही असते. येथे नाही.

पुस्तक हाती आले की प्रस्तावना नंतर वाचा. आधी ही चार उदाहरणे, किंवा त्यांची भावंडे, कोठे सापडतात ते पाहा. पहिल्या ऐंशी-शंभर पानांत सापडली तर पुस्तक तुमच्यासाठी आहे. व्याख्या आणि प्रमेय, प्रमेय आणि उपप्रमेय अशीच गाडी चालली असेल तर ते पुस्तक परत ठेवा. ते वाईट आहे म्हणून नव्हे. त्याची वेळ अजून आलेली नाही म्हणून.

या कसोटीला पदवीच्या विद्यार्थ्यासाठी सर्वांत चांगले उतरणारे पुस्तक म्हणजे एर्विन क्रेझिग यांचे 'इंट्रोडक्टरी फंक्शनल ॲनालिसिस विथ ॲप्लिकेशन्स' (१९७८). हैदराबादेत इंजिनिअरिंगच्या मुलांकडे जे जाडजूड क्रेझिग असते, त्याच लेखकाचे हे पुस्तक आहे. फक्त दुकानदाराने तेच जाडजूड गळ्यात मारू नये एवढे पाहावे. मेझर थिअरी आणि टोपॉलॉजी यांचे पूर्वज्ञान ते मागत नाही. पहिल्या प्रकरणात मेट्रिक स्पेसेस आहेत, दुसऱ्यात नॉर्म असलेले अवकाश, तिसऱ्यात हिल्बर्ट स्पेसेस. वर दिलेले विकलनाचे उदाहरण जवळजवळ त्याच रूपात तेथे आहे. शेकडो प्रश्न आहेत, आणि विषम क्रमांकाच्या प्रश्नांची उत्तरे मागे दिलेली आहेत. एकट्याने अभ्यास करणाऱ्याला ही शेवटची सोय किती मोलाची आहे ते एकट्याने अभ्यास केल्यावरच कळते.

क्रेझिग मात्र क्रमाने वाचू नये, असे माझे मत आहे. पहिली तीन प्रकरणे झाली की चौथे, हान-बानाख आणि त्याच्या सोबतच्या थोर प्रमेयांचे, बाजूला ठेवावे आणि पाचवे घ्यावे. त्यात बानाखचे १९२२ सालचे स्थिरबिंदूचे प्रमेय आहे. दुसऱ्या वर्षी डिफरन्शिअल इक्वेशन्समध्ये 'उत्तर अस्तित्वात असते व ते एकमेव असते' असे एक प्रमेय आपण विधान लिहून सोडून दिलेले असते. ते येथे पूर्ण अवकाशातील स्थिरबिंदू म्हणून पानभरात सिद्ध होते. एवढे झाल्यावर चौथ्या प्रकरणाकडे परत यावे. तोवर 'पूर्णता' हा शब्द अंगवळणी पडलेला असतो. या पुस्तकाचा लांबटपणा काही जणांना कंटाळवाणा वाटतो, आणि ती तक्रार अगदीच खोटी नाही. पण पहिल्या वाचनात बोलका शिक्षक अबोल शिक्षकापेक्षा बरा.

दुसरे नाव वाचून मराठी वाचकाला जरा बरे वाटेल : बालमोहन लिमये. मुंबईच्या आय.आय.टी.त त्यांनी दीर्घकाळ अध्यापन केले. त्यांचे 'फंक्शनल ॲनालिसिस' १९८१ साली आले आणि सुधारलेली दुसरी आवृत्ती १९९६ साली निघाली. उदाहरणे आणि प्रत्युदाहरणे भरपूर, गृहीतक काढून टाकले तर प्रमेय कसे ढासळते याची दखल जागोजागी, आणि आपल्याकडचा विद्यार्थी कोठे अडखळतो याची जाण पानोपानी. पहिल्या प्रकरणात रेषीय अवकाश, मेट्रिक स्पेसेस आणि लेबेगचे संकलन यांची उजळणीही आहे. तरीही बी.एस्सी.च्या विद्यार्थ्याने ते दुसरे पुस्तक म्हणून घ्यावे, कारण लेबेगचे संकलन उजळणीतून शिकता येत नाही. २०१६ साली लिमये यांनीच शास्त्रज्ञ व अभियंते यांच्यासाठी याच विषयावर आणखी एक पुस्तक लिहिले. ज्यांना पुढे पदार्थविज्ञानाकडे किंवा संगणनाकडे जायचे आहे त्यांनी ते पाहावे.

राजेंद्र भाटिया यांचे 'नोट्स ऑन फंक्शनल ॲनालिसिस' (२००९) हे लहानसे पुस्तक इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या दिल्ली केंद्रात दिलेल्या व्याख्यानांवरून तयार झाले आहे, आणि ते वाचताना समोर कोणी बोलत असल्याचा भास होतो. त्याच ग्रंथमालेत त्याच वर्षी एस. केशवन यांचे 'फंक्शनल ॲनालिसिस' निघाले; ते अधिक शिस्तीचे आहे आणि पार्शल डिफरन्शिअल इक्वेशन्सकडे जाणाऱ्याला उपयोगी पडते. दोन्ही हिंदुस्तान बुक एजन्सीची, म्हणून मिळायला सोपी. सिमन्स यांचे 'टोपॉलॉजी अँड मॉडर्न ॲनालिसिस' (१९६३) प्राध्यापकांच्या पिढ्यांचे आवडते आहे. त्याची भाषा देखणी आहे. पण पहिला भाग टोपॉलॉजीचा असल्याने फंक्शनल ॲनालिसिसपर्यंत पोचायला वेळ लागतो. सुट्टी मोठी असेल तर जरूर घ्या. कॉनवे (१९८५) हिल्बर्ट स्पेसेसपासून सुरू होते, परंतु ते एम.एस्सी.नंतरचे आहे. कोल्मोगोरोव्ह आणि फोमिन यांचे पुस्तक जुन्या बाजारात दिसले तर घासाघीस न करता घ्यावे.

पाया कच्चा असेल तर यांपैकी काहीच हाती धरू नये. मेट्रिक स्पेसेससाठी एस. कुमारेसन यांचे 'टोपॉलॉजी ऑफ मेट्रिक स्पेसेस' (२००५) घ्यावे आणि पूर्णता व कॉम्पॅक्टनेस ही दोन प्रकरणे पेन्सिल हातात घेऊन करावी. कुमारेसन मुंबई विद्यापीठात आणि नंतर आपल्या हैदराबाद विद्यापीठात प्राध्यापक होते. त्यांनी १९९३ साली सुरू केलेले 'एम.टी.टी.एस.' हे उन्हाळी प्रशिक्षण चार आठवड्यांचे असते आणि त्यात बी.एस्सी.चे विद्यार्थी अर्ज करू शकतात. तेथे शिक्षक उत्तर सांगत नाही, तर विद्यार्थ्यालाच फळ्यापाशी उभे करून उलट प्रश्न विचारतो. आमच्याकडच्या लाजऱ्या मुलांना पहिला आठवडा जड जातो. पुढच्या आठवड्यांत तीच मुले शिक्षकाला थांबवून "हे गृहीतक कोठे वापरले?" असे विचारू लागतात.

आता पुस्तके मिळवायची कोठे? कोठीच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांत आणि आबिदच्या रविवारच्या बाजारात क्रेझिग किंवा सिमन्स कधीतरी मिळून जाते. पण मागील मालकाने उत्तरे समासात लिहून ठेवलेली नाहीत ना, हे पाहून घ्यावे. उस्मानिया विद्यापीठाचे ग्रंथालय आणि हैदराबाद विद्यापीठाचे इंदिरा गांधी स्मृति ग्रंथालय येथे बाहेरच्या विद्यार्थ्याने आधी प्राचार्यांचे पत्र घेऊन वाचनाच्या परवानगीची चौकशी करावी. घरबसल्या ऐकायची असतील तर केशवन यांची व्याख्याने एन.पी.टी.ई.एल.वर विनामूल्य आहेत. मॅसॅच्युसेट्सच्या एम.आय.टी.ने केसी रॉड्रिग्ज यांचा २०२१ सालचा प्रास्ताविक अभ्यासक्रमही टिपणांसह सर्वांना खुला ठेवला आहे. व्याख्यान ऐकताना सगळे समजते, हा त्या माध्यमाचा मोठा धोका आहे. दर दहा मिनिटांनी थांबवून पुढची ओळ स्वतः लिहिता येते का, हे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

परीक्षांविषयी एक खुलासा, कारण गाईड विकणारे तो करीत नाहीत. नेटच्या अभ्यासक्रमात या विषयापैकी नॉर्म असलेले रेषीय अवकाश आणि उदाहरणादाखल संतत फलनांचे अवकाश, एवढाच उल्लेख आहे. गेटच्या गणिताच्या पत्रिकेत मात्र हान-बानाख, ओपन मॅपिंग, क्लोज्ड ग्राफ, युनिफॉर्म बाउंडेडनेस आणि रीसचे प्रतिनिधित्वाचे प्रमेय, सर्व काही आहे. दोन्हीकडे प्रश्न विधानाचा नसतो; 'पुढीलपैकी कोणते खरे?' असा असतो. तेथे प्रमेय पाठ असून भागत नाही, प्रत्युदाहरण आठवावे लागते. म्हणून माझ्या विद्यार्थ्यांना मी एक स्वतंत्र वही करायला सांगतो. डाव्या पानावर अवकाश, उजव्या पानावर तो पूर्ण आहे का, सेपरेबल आहे का, गोळा कसा आहे, कोणती क्रिया असंतत आहे. वीस पाने भरली की बाजारातल्या कोणत्याही गाईडापेक्षा ती जाड नसली तरी जड होते.

वाचायचे इंग्रजीत हे खरे, पण बोलायचे कोणत्या भाषेत? उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली सुरू झाले तेव्हा तेथे शिक्षणाचे माध्यम उर्दू होते आणि त्यासाठी १९१७ मध्येच 'दारुल-तर्जुमा' हे भाषांतरगृह काढून गणितासह अनेक शास्त्रांची पुस्तके उर्दूत आणली गेली. तो प्रयोग पुढे १९४८ नंतर मागे पडला. परंतु उच्च गणित देशी भाषेत बोलता येते, हे या शहराने अनेक वर्षे करून दाखवले आहे. मराठीतला 'सदिश' कन्नडातही सदिशच आहे. दोघांनी मिळून एक सिद्धता आपल्या भाषेत एकमेकांना सांगावी. 'म्हणून' हा शब्द जेथे घशात अडकेल तेथे सिद्धता समजलेली नाही असे धरावे.

असे बोलत बसण्यातूनच हा विषय मोठा झाला. पोलंडमधील ल्वूव्ह या गावी, जे आज युक्रेनमध्ये आहे, बानाख आणि त्यांचे मित्र 'स्कॉटिश कॅफे'त तासन्‌तास बसत आणि संगमरवरी टेबलांवरच पेन्सिलीने गणिते करीत. नंतर त्यांनी प्रश्न लिहून ठेवण्यासाठी एक वही केली. त्या वहीत १९३६ साली माझुर यांनी एक प्रश्न लिहिला आणि तो सोडवणाऱ्यास जिवंत हंस बक्षीस ठेवला. तो प्रश्न १९७२ साली स्वीडनच्या पेर एन्फ्लो यांनी सोडवला आणि त्यांना हंस खरोखरच मिळाला. संगमरवरी टेबले आपल्या इराणी हॉटेलांतही आहेत. मालक पेन्सिलीला हरकत घेईल, तेव्हा वही बरोबर न्यावी.

सुरुवातीसाठी एक प्रश्न येथेच देतो, म्हणजे पुस्तक मिळेपर्यंत वेळ फुकट जाणार नाही. शून्य ते एक या अंतरावरील संतत फलनांचा अवकाश घ्या. नॉर्म म्हणून एकदा निरपेक्ष मूल्याची कमाल किंमत घ्या, एकदा निरपेक्ष मूल्याचे संकलन घ्या. पहिल्या नॉर्मने हा अवकाश पूर्ण आहे, दुसऱ्याने नाही. दुसऱ्यासाठी एक अशी क्रमिका रचा, की तिची फलने अर्ध्यापर्यंत शून्य असतील आणि त्यानंतर अधिकाधिक चढ घेत एकावर जातील. आकृती काढा, दोन फलनांमधील क्षेत्रफळ मोजा आणि ती कोठे जाऊ पाहते ते पाहा. उत्तर लिहून आणल्यास गणित विभागात दुपारी तीननंतर मी असतो.